डीप डाइव्ह गाइड करायचीय? मग डोकं बोटीवरच चालवून घ्या

सरळ मुद्द्यावर येतो. स्कूबा डायव्हिंगमध्ये १५ मीटर खोलीवर लोकांना फिरवून आणणं आणि ३०-३५ मीटरवर नेऊन सुखरूप वर आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, भले दोन्हीसाठी तुमच्या खिशात डायव्हिंगचं कार्ड एकच असो. वरच्या डाइव्हला काही बिनसलं तर थांबून विचार करायला जागा असते. खोलात तीन गोष्टी एकदम आखडतात, हवा, वेळ आणि डोकं. त्यातली हवा आणि वेळ निदान मोजता तरी येतात, पण डोकं कमी चालतंय हे ओळखायला जे डोकं लागतं तेच कमी चालत असतं, आणि हे फक्त क्लायंटचं नाही, तुमचंही. म्हणून खाली काय करायचं ते जवळपास सगळं बोटीवर ठरवून, आकड्यांत बसवून, सगळ्यांना सांगून मगच पाण्यात उतरायचं. खाली गेल्यावर "बघू, ठरवू" हा प्रकारच ठेवायचा नाही.

हे सगळं मी सिंगल टँक, हवा किंवा नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त असलेली हवा), नो-डीको (वर येताना नायट्रोजन बाहेर टाकायला सक्तीचे थांबे घ्यावे लागत नाहीत अशी डाइव्ह), जास्तीत जास्त ४० मीटर एवढ्यापुरतं लिहितोय. ४० च्या खाली टेक्निकल डायव्हिंग सुरू होतं, तिथली ट्रेनिंग, गॅस, सामान सगळंच वेगळं, त्यामुळे "थोडंसंच खाली जाऊन येऊ" म्हणणाऱ्या क्लायंटला तिथेच थांबवा.

आधी माणूस वाचा, मग कार्ड

कार्ड काय सांगतं? ओपन वॉटर म्हणजे १८ मीटर, अॅडव्हान्स्ड म्हणजे ३०, डीप स्पेशॅलिटी असेल तर ४०. कार्ड देणाऱ्या बहुतेक मोठ्या ट्रेनिंग एजन्सींमध्ये हेच आकडे आहेत. पण कार्ड फक्त एवढंच सांगतं की या माणसाने कधीतरी हे शिकलं होतं. पाच वर्षांपूर्वी शिकून मधे एकदाही पाण्यात न उतरलेला माणूसही तेच कार्ड दाखवतो आणि गेल्या आठवड्यात डाइव्ह करून आलेलाही तेच दाखवतो.

त्यामुळे "डीप केलंय का आधी?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. शेवटची डाइव्ह कधी, किती खोल, कसल्या पाण्यात, खाली काय वाटलं, वर आलात तेव्हा टँकमध्ये किती उरलं होतं असं विचारा. ज्याने खरंच केलंय तो पटापट सांगतो आणि वर दोन तक्रारीही करतो, ज्याने नाही केलं तो गोलगोल बोलतो. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) स्वतःचा असेल तर त्यातला लॉग बघू द्या म्हणा, कोणाला राग येत नाही.

मेडिकल फॉर्म सही करून घेण्यापुरता घेऊ नका, वाचा. बीपीच्या गोळ्या, हृदयाचा काही त्रास, दमा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही "हो" असेल तर डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय डाइव्ह नाही. इथे तुमचं मत, त्याचं मत, त्याच्या बायकोचं मत काही कामाचं नाही. आणि सर्दी झालेला माणूस नाक मोकळं करायची गोळी घेऊन आलाय का तेही विचारा, कारण गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना कान आणि सायनस अडकतात, आणि वर तर यावंच लागतं.

सामान जोडताना मात्र बाजूला उभं राहून बघत बसा, मदत करू नका. तिथे सगळं कळतं. फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा, म्हणजे श्वास घ्यायच्या साधनाचा, टँकवर बसणारा भाग) उलटा लावतो, वेट बेल्ट कुठे बांधायचा ते विसरतो, वॉल्व्ह उघडून गेज (टँकमधला दाब दाखवणारा काटा) न बघताच जॅकेट (हवा भरून तरंगायचं, टँक बांधायचं) उचलतो, असा माणूस आज ३० वर जाणार नाही, आधी १२-१५ वर चेक डाइव्ह, मग बघू. चेक डाइव्ह हा मला वाटतं डीप गाइडच्या हातातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच सगळ्यात आधी कापला जातो, वेळ नाही म्हणून.

"नाही" म्हणायचं असेल तर चारचौघांत म्हणू नका, बाजूला घेऊन बोला आणि सोबत पर्याय द्या. "आज तुम्ही दुसऱ्या ग्रुपबरोबर १८ वर चला, उद्या परत बोलू." माणूस दुखावतो तो नकाराने कमी, सगळ्यांसमोर लाज गेल्याने जास्त. आणि दुखावलेला माणूस मग खाली जाऊन काहीतरी सिद्ध करायला बघतो.

हवेचं गणित, हे कागदावर कराच

इथे जरा वेळ घेतो कारण मी बघितलेले बरेच गाइड इथेच ढिले असतात. "५० बार घेऊन बोटीवर या" (बार म्हणजे टँकमधल्या हवेचा दाब) एवढंच ब्रीफिंगमध्ये सांगतात. ठीक आहे, पण तो आकडा बोटीवरचा झाला, तळ सोडायचा आकडा कोण सांगणार?

दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर एकूण ४ बार, ४० वर ५. जो माणूस वर मिनिटाला २० लिटर ओढतो तो ३० वर ८० लिटर ओढणार आणि ४० वर १००. आता समजा तळाशीच एकाची हवा संपली किंवा रेग्युलेटर गेला आणि दोघांना एकाच टँकवर वर यायचंय. घाबरलेले दोघं, प्रत्येकी ३० लिटर धरा, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ६०. (काही जण यापेक्षाही जास्त ओढतात.) ३० मीटरवर एक मिनिट गोंधळ सावरण्यात जातं, ६० गुणिले ४ म्हणजे २४० लिटर. वर यायला मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने साधारण साडेतीन मिनिटं, सरासरी दाब २.५ बार, म्हणजे ५२५ लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉप (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून थांबणं), १.५ बारला, २७० लिटर. बेरीज १,०३५. १२ लिटरच्या टँकला भागा, ८६ बार. म्हणजे ९० धरा.

हाच हिशोब ४० मीटरसाठी केला तर १,३८० लिटर येतात, म्हणजे ११५ बार, १२० धरा.

हा झाला तळ सोडायचा आकडा. इथे गेज आलं की डाइव्ह संपली, समोर कुठलाही मासा असो. ५० बारमध्ये फक्त ६०० लिटर असतात, ३० मीटरवर ५० बार उरलेल्या माणसाकडे स्वतःपुरती हवा आहे, बडीसाठी (जोडीच्या डायव्हरसाठी) नाही. टँक छोटा असेल तर आकडा आणखी वर जातो, त्यामुळे ग्रुपमध्ये वेगवेगळ्या साइजचे टँक असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा, हे विसरू नका.

आता उलटा हिशोब. एखादा क्लायंट मिनिटाला २५ लिटर ओढणारा आहे, हे काही फार नाही, नवीन माणूस, थोडा टेन्शनमध्ये, असा असतोच. ३० मीटरवर पोचला तेव्हा टँकमध्ये १८०. तळ सोडायचा आकडा ९०. म्हणजे वापरायला ९० बार, १,०८० लिटर, आणि तो मिनिटाला १०० ओढतोय. झाली की डाइव्ह जेमतेम अकरा मिनिटांत. टेबलवर ३० मीटरला २० मिनिटं दिसतात (पाडी या ट्रेनिंग एजन्सीच्या आरडीपी नावाच्या नो-डीको वेळेच्या टेबलमध्ये ३० मीटरला २०, ४० ला ९) आणि गाइड ब्रीफिंगमध्ये तेच २० सांगतो, कारण तो स्वतः १२-१३ लिटर ओढतो आणि त्याला प्रश्नच पडत नाही. ४० मीटरवर हाच माणूस १७५ घेऊन पोचला तर त्याच्याकडे पाच मिनिटांच्या आसपास वेळ आहे, बस. हे आकडे क्लायंटला बोटीवर दाखवा. बरेच जण स्वतःच म्हणतात की मग ३० लाच जाऊ.

ग्रुपची डाइव्ह सगळ्यात जास्त ओढणाऱ्या माणसाच्या वेळेने चालते. तुमचा ऑक्टो (जादाचा रेग्युलेटर) देऊन त्याची डाइव्ह लांबवायची हा प्रकार काही जण कौतुकाने करतात. करू नका. तुमच्या टँकमधली जास्तीची हवा ही ग्रुपची इमर्जन्सी हवा आहे, ती टूरिझमसाठी नाही.

जमत असेल तर गाइडने स्वतःजवळ वेगळी पोनी बॉटल (छोटा जादा टँक) ठेवावी. ३ लिटरची, २०० बार भरलेली, म्हणजे ६०० लिटर, वरच्या हिशोबाने एका माणसाला ३० वरून स्टॉपसकट वर आणायला पुरते. आणि बोटीखाली ५ मीटरवर रेग्युलेटर लावलेला एक जादा टँक टांगून ठेवा, वॉल्व्ह कसा ठेवलाय ते सगळ्यांना माहीत पाहिजे.

नायट्रॉक्स असेल तर आणखी एक आकडा. ऑक्सिजनचा पार्शल प्रेशर (मिश्रणातल्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब, जास्त झाला तर फिट येऊ शकते) १.४ धरला तर ३२ टक्क्याला ३३ मीटर ही मर्यादा येते, ३६ ला २८, आणि ४० मीटर गाठायचंच असेल तर मिश्रण २८ टक्क्यांचं हवं. ३२ घेऊन ४० वर गेलात तर १.६ होतो. टँक स्वतः अॅनलाइज करायला लावा, समोर, प्रत्येकाला, आणि टेपवर आकडा लिहा. दुसऱ्याने केलंय म्हणून चालेल असं नाही.

डोकं

नायट्रोजन नार्कोसिस, म्हणजे दाबाखालच्या नायट्रोजनने येणारी झिंग. ३० च्या आसपास बऱ्याच जणांना जाणवायला लागतो, काहींना त्याआधीही. पुस्तकात लिहिलेलं असतं की माणूस हसायला लागतो, झिंगल्यासारखं करतो. तसं होतंही कधी, पण मला जास्त भीती वाटते ती शांत नार्क झालेल्या माणसाची.

एका डायव्हरला ३२ मीटरवर प्रेशर विचारलं. त्याने गेज हातात घेतला, नीट बघितला, मला ओके दाखवलं. परत विचारलं. परत गेज बघितला, परत ओके, आणि मास्कमागे डोळे एकदम निवांत. तिसऱ्यांदा विचारलं तर त्याने गेजच माझ्या तोंडासमोर धरला. ११० होते, हवा होती, पोझिशन छान, श्वास छान, बाहेरून बघितलं तर ग्रुपमधला सगळ्यात चांगला डायव्हर. फक्त आकडा डोळ्यातून बोटांपर्यंत पोचत नव्हता. दंडाला धरून सहा-सात मीटर वर आणलं, तिथे विचारलं, लगेच बोटांनी बरोबर आकडा दाखवला. वर आल्यावर त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

म्हणून खोल असताना ओके हा खुणेला उत्तर म्हणून धरूच नका. प्रेशर विचारलं तर आकडाच आला पाहिजे, बोटांनी, हे ब्रीफिंगमध्ये ठरवून घ्या. दोनदा विचारून आकडा आला नाही तर तो नार्क झालाय असं समजून वर आणायचं, वाद घालायचा नाही. नार्कोसिसवर इलाज एकच, वर येणं, आणि तो जवळपास लगेच लागू पडतो.

नायट्रॉक्स घेतल्याने नार्कोसिस कमी होतो असं बरेच जण सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका, ऑक्सिजनसुद्धा झिंग आणणाराच गॅस धरला जातो. नायट्रॉक्सचा फायदा नो-डीको वेळेचा आहे, डोक्याचा नाही.

आणि कार्बन डायऑक्साइड. याच्याकडे कोणी बघत नाही. खोल गेल्यावर हवा दाट होते, श्वास ओढायला जोर लागतो, त्यात करंटविरुद्ध पाय मारले की आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो साठतो, मग नार्कोसिस वाढतो, धाप लागते आणि तिथून पॅनिक दोन पावलांवर. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ साली गॅसच्या घनतेबद्दल शिफारस केली, लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठेवा आणि ६.२ च्या वर जाऊच नका. हवेच्या भाषेत ते साधारण ३१ आणि ३९ मीटर होतं. म्हणजे ४० मीटरवर हवा घेऊन जाणं नियमात बसतं, पण शरीर त्या वेळी आधीच काठावर असतं. तिथे कोणाला पोहायला लावू नका, ग्रुप करंटविरुद्ध झगडतोय असं दिसलं की डाइव्ह वर घ्या. कोणी धापा टाकतोय असं दिसलं तर थांबवा, काहीतरी धरायला द्या, डोळ्यात बघून सावकाश श्वास सोडायची खूण करा. सोडायची, घेण्याची नाही.

ब्रीफिंग

लांबलचक भाषण नको, लोक समुद्राकडे बघत बसतात. पण एवढं आलंच पाहिजे: सगळ्यात खोल किती, कधी वळायचं, तळ सोडायचा आकडा किती, तळावर एकूण किती मिनिटं (उतरायचा वेळही त्यातच मोजायचा), प्रेशर कसं सांगायचं, बडी हरवला तर काय, मी हरवलो तर काय, आणि एकाला वर जायचं असेल तर कोण कोणाबरोबर जाणार.

हा शेवटचा मुद्दा नेहमी राहून जातो. एकाच्या कानात दुखायला लागलं, बाकी चार जण मजेत आहेत, गाइड एकटा. काय करणार? चौघांना ३० वर सोडून वर जाणार की ज्याचं दुखतंय त्याला एकट्याला पाठवणार? दोन्ही चूक. तुम्ही एकटे असाल तर एकाची डाइव्ह संपली की सगळ्यांची संपली, आणि हे आधीच सांगून ठेवलं की खाली कोणी तोंड वाकडं करत नाही. दुसरा गाइड शेपटाला असेल तर बडी जोडीनेच वर जायचं, लाइनवरून (बोटीखालच्या दोरीवरून), त्या गाइडबरोबर.

एजन्सीचे गुणोत्तराचे आकडे असतात, एका गाइडला इतके डायव्हर वगैरे. ते चांगल्या परिस्थितीतले कमाल आकडे आहेत, गाठायचं टार्गेट नव्हे. मी स्वतः ३० च्या खाली चारपेक्षा जास्त जण एकट्याने नेत नाही, पाणी गढूळ असेल तर दोनच. मालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

"खाली गेल्यावर मी सांगेन तसं करा" असं ब्रीफिंग देणारा गाइड मला आवडत नाही. तुमच्याशिवाय वर कसं यायचं हे प्रत्येकाला माहीत पाहिजे, कारण खाली बेशुद्ध पडणारा माणूस तुम्हीही असू शकता.

पाण्यात

उतरायचं शक्यतो लाइन धरून. ५ मीटरला थांबा, एकमेकांचे बुडबुडे बघा, कुठे गळती आहे का, कॉम्प्युटर चालू झाला का, सगळे आलेत का. मग खाली. तुम्ही सगळ्यांच्या खाली आणि तोंड त्यांच्याकडे, म्हणजे तुमच्या खाली कोणी जाऊ नये. वेटसूट दाबला जातो आणि तरंगण्याची ताकद कमी होत जाते, नवीन माणूस हे विसरतो आणि दगडासारखा सुटतो, मग घाबरून जॅकेटमध्ये भसकन हवा भरतो. उतरतानाच थोडी थोडी हवा भरायची खूण करत राहा. भिंतीवर डाइव्ह असेल आणि खाली तळच नसेल तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची.

तळावर दर दोन-तीन मिनिटांनी प्रेशर विचारा आणि त्याच वेळी स्वतःचा गेज बघा. फोटो काढणाऱ्यावर डोळा ठेवा, कॅमेरावाल्याला ना खोली कळते ना वेळ. नो-डीको वेळ ग्रुपमधल्या सगळ्यात कंजूस कॉम्प्युटरची धरायची, तुमच्या कॉम्प्युटरची नाही, आणि त्यावर ५ मिनिटं उरली की वर सरकायला लागायचं.

कोणी मर्यादेच्या खाली गेला तर त्याच्या मागे किती खाली जायचं हेसुद्धा बोटीवरच ठरवून ठेवा. ऐकायला क्रूर वाटतं. पण ३२ टक्के नायट्रॉक्स घेऊन तुम्ही कोणाच्या मागे ४५ वर गेलात आणि तिथे ऑक्सिजनमुळे तुम्हालाच फिट आली तर वर आणायला दोन माणसं होतात आणि आणणारा कोणी नाही. टँकवर ठोका, लाइट मारा, तुमच्या मर्यादेपर्यंत जा. त्यापुढे नाही.

हवा संपलेला माणूस आला तर आधी रेग्युलेटर द्या, मग हात धरा, मग दोघांचा श्वास जागेवर येऊ द्या, मग वर. या क्रमाने. लोक घाईघाईत पहिल्याच श्वासाबरोबर वर पळतात आणि मग फुप्फुसाचा धोका जवळ येतो. पॅनिक झालेला डायव्हर मास्क फेकतो, रेग्युलेटर काढतो, तुमचाही ओढतो. त्याला पाठीमागून धरा, टँकच्या वॉल्व्हला, रेग्युलेटर तोंडात दाबून ठेवा. तो रॉकेटसारखा सुटलाच तर त्याचा वेग जेवढा मोडता येईल तेवढाच मोडा, त्याच्याबरोबर स्वतः फेकले जाऊ नका.

बडी हरवला तर एक मिनिट शोधायचं, वर-खाली-आजूबाजूला बुडबुडे बघायचे, आणि मग वर. खाली दहा मिनिटं शोधत बसणारे गाइड असतात, आणि हरवलेला माणूस वर बोटीला हात करत असतो.

एक गोष्ट वेगळी सांगतो. भरपूर हवा असताना कोणी "हवा येत नाहीये" अशी खूण करत असेल, खोकत असेल, वर आल्यावर फेसाळ गुलाबी थुंकी दिसली, तर तो फक्त घाबरलाय असं समजू नका. पाण्यात असताना फुप्फुसात पाणी साचायचा प्रकार असतो, इमर्शन पल्मनरी एडीमा, वयस्कर आणि बीपीवाल्यांत जास्त दिसतो. पाण्याबाहेर काढा, बसतं ठेवा, ऑक्सिजन लावा, हॉस्पिटल. त्या दिवशी परत पाण्यात नाही.

वर येताना मिनिटाला ९ मीटर किंवा त्याहून हळू. शेवटचे १० मीटर सगळ्यात अवघड, कारण तिथे हवेचं आकारमान दुप्पट होतं आणि जॅकेट मोकळं करायला विसरलेला माणूस तिथेच सुटतो. ५ मीटरला ३ मिनिटं, हवा असेल तर ५ करा, काही बिघडत नाही. एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटीला दाखवणारा फुगा) सोडायची सवय स्वतःची पक्की असू द्या, रील हातात गुंतलेला गाइड बघून ग्रुपचा धीर जातो.

वर आल्यावर

डोकी मोजा. नावं घेऊन, प्रत्येकाने स्वतः हजर म्हणायचं, "सगळे आले ना?" असं ओरडायचं नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर दोन डायव्हर पाण्यात असतानाच बोट निघून गेली आणि ते राहिलेत हे दोन दिवसांनी लक्षात आलं, ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे नियम कडक झाले. इतकी साधी गोष्ट, पण दमलेल्या बोटीवर तीच सुटते.

पुढचे दोन-तीन तास लोकांकडे बघत राहा. सांधा दुखतो, मुंग्या येतात, त्वचेवर चट्टे, अति थकवा, चक्कर, लघवीला होत नाही, यातलं काहीही डीको आजाराचं (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचं) असू शकतं. आणि जवळपास प्रत्येक जण म्हणतो, "अहो, टँक उचलताना लचक भरली असेल." तुम्ही मान्य करू नका. आडवं झोपवा, १०० टक्के ऑक्सिजन, शुद्धीवर असेल तर पाणी, आणि डायव्हिंग मेडिसिनवाल्यांना फोन. ऑक्सिजनने बरं वाटलं म्हणून फोन रद्द करायचा नाही. परत पाण्यात उतरवून बरं करायचा उद्योग तर मुळीच नाही.

ऑक्सिजन किटचा हिशोबही आधी करा. ५ लिटरचं सिलिंडर, १५० बार, म्हणजे ७५० लिटर, मिनिटाला १५ ने ५० मिनिटं. किनारा दीड तासावर असेल तर हे किट फक्त दाखवायला आहे. सर्वात जवळचा चालू चेंबर (डीको आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे आणि नंबर काय ते बोटीवर लिहून लावा, आणि "चालू" हे फोन करून तपासा, चेंबर असणं आणि रात्री पेशंट घेणं यात फरक असतो.

विमानाचं विचारतीलच. एकच नो-डीको डाइव्ह असेल तर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असेल तर १८, डीको थांबे घ्यावे लागलेली डाइव्ह असेल तर त्याहून जास्त.

जबाबदारी, म्हणजे सही झाली की सुटलो असं नाही

क्लायंटने वेव्हर सही केला की आपण मोकळे असं समजणारे बरेच आहेत. वेव्हर म्हणजे धोका त्याला माहीत होता एवढंच, तुम्ही निष्काळजी वागायला मोकळे झालात असं नाही. काही झालं तर विचारणारा विचारणार की कार्ड १८ मीटरचं असताना ३२ वर का नेलं, मेडिकलवर हो लिहिलेलं कोणी वाचलं, ऑक्सिजन कधी तपासला. याची उत्तरं कागदावर नसतील तर तोंडी उत्तराला किंमत नाही. स्वतःचा प्रोफेशनल विमा चालू आहे का आणि तुमचं मेंबरशिप स्टेटस या वर्षीचं आहे का हे आजच बघा. एजन्सीच्या नियमाबाहेर गेलात तर विमा हात वर करू शकतो.

कार्डाच्या पलीकडे क्लायंटला नेणं, "मी आहे ना", हे सगळ्यात जास्त चालतं. एकदा काही होत नाही, दुसऱ्यांदाही होत नाही, मग तेच नॉर्मल वाटायला लागतं आणि नवीन गाइड आला की त्याला तसंच शिकवलं जातं. दिवसाला तीन-चार डाइव्ह, त्यात लोकांना वर-खाली आणायला स्वतःच्या दहा चढउतार, हा प्रोफाइल गाइडच्या शरीरावर बसतो. क्लायंटच्या मानाने तुमच्या अंगात नायट्रोजन नेहमी जास्त असतो. नायट्रॉक्स घ्या पण कॉम्प्युटर साध्या हवेच्या सेटिंगवर ठेवा, पाणी प्या, झोप झाली नसेल तर डीप ग्रुप दुसऱ्याला द्या. खोल डाइव्ह आधी आणि उथळ नंतर हा जुना नियम आता तितका कडक धरत नाहीत, पण गाइडला गॅस आणि थकवा या दोन्ही हिशोबांनी तोच क्रम सोयीचा पडतो.

काही घडलं, अगदी छोटं, कोणी वेगाने वर आला, कोणाची हवा ४० बारवर गेली, तर त्याच दिवशी लिहून ठेवा: वेळ, खोली, प्रेशर, कोण होतं, काय केलं. मत नको, फक्त घडलं ते. मोठं घडलं असेल तर त्या माणसाचं सामान जसंच्या तसं बाजूला ठेवा, वॉल्व्ह किती फेरे बंद केला ते मोजून लिहा, आणि कॉम्प्युटर त्याच्याबरोबर चेंबरला पाठवा, डॉक्टरला प्रोफाइल लागतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच क्लायंट दुसऱ्या गाइडच्या ग्रुपमध्ये असेल तर त्या गाइडला फोन करून सांगा, त्याने विचारायची वाट बघू नका.